दूध खाली उतरेपर्यंत

लोक विचारतात, "सुमनताई, तुम्ही त्या सेंटरमध्ये नक्की काय काम करायचात?" मी सांगते, "दूध पाजायचे." त्यावर समोरचा माणूस एकदा माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतो आणि विषय बदलतो.

आता नोकरी सुटली आहे, वेळ आहे, आणि दिवाळीच्या अंकवाल्यांनी जागा दिली आहे, तर नीटच सांगते.

ठाण्याच्या नौपाड्यात एका इमारतीच्या तळमजल्यावर आमचं स्कॅन सेंटर. मोठी माणसं तिथे हाडांचे, किडनीचे, थायरॉईडचे फोटो काढायला यायची. बाळं यायची ती पोटासाठी. बाळ दूध पितं, ते अन्ननळीतून पोटात जातं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण पोटाच्या वरच्या तोंडाला पिशवीला असते तशी एक नाडी असते असं समजा. आपली मोठ्यांची नाडी घट्ट आवळलेली. बाळांची ढिली. म्हणून बाळ आडवं झालं की दूध वर येतं. बहुतेक बाळं ओकतात, आपण खांद्यावरचं फडकं बदलतो, विषय संपतो. वर्षाच्या आगेमागे नाडी आपली आपण आवळली जाते. पण काही बाळांचं दूध पोटातलं आंबट घेऊन सारखं वर येतं, घसा जळतो, बाळ पाठीची कमान करून रडतं, वजन धरत नाही. काहींचं श्वासनळीकडे जातं, मग खोकला आणि छातीत घरघर. आणि काहींच्या पोटाचा खालचा दरवाजाच उघडायला उशीर करतो, म्हणून आलेला माल वरच्या दरवाजाने परत. ह्यातलं कुठलं, ते बाहेरून हात लावून कळत नाही.

म्हणून मग बाळाच्या नेहमीच्या दुधात औषधाचे थेंब घालायचे. त्याला रंग नाही, चव नाही. त्यातून अगदी थोडी किरणं निघतात. बाळाला पाठीवर निजवायचं, कॅमेऱ्याची मोठी पाटी जवळ आणायची आणि दूध आत कुठे कुठे फिरतं ते तासभर पडद्यावर बघायचं. कॅमेरा स्वतः काही सोडत नाही, नुसता बघतो. हे वाक्य मी दिवसातून इतक्या वेळा घाबरलेल्या आयांना सांगायचे, की एकदा घरी नातीने विचारलं, "आजी, दारावर ते सीसीटीव्ही कशाला लावलंय?" आणि मी बोलून गेले, "काही सोडत नाही गं ते, नुसतं बघतं."

डॉक्टर मॅडम औषधाचं बघायच्या, केतन नावाचा आमचा टेक्निशियन मशीन चालवायचा, आणि बाळाला दूध पाजणं, ढेकर काढणं, दुपट्यात गुंडाळणं आणि हलू न देता निजवणं हे माझं. शिक्षण सातवी. त्याआधी मी डोंबिवलीत पाळणाघर चालवायचे. मॅडमचा मुलगा माझ्याकडे असायचा. माझ्याकडे दोन वाट्या वरणभात खायचा आणि घरी जाऊन तोंड मिटून बसायचा. तेव्हाच मॅडमनी मला हेरून ठेवलेलं.

ह्या तपासणीला सगळे म्हणतात मिल्क स्कॅन. नाव कोणी ठेवलं देव जाणे, पण त्या नावाने आमचा जेवढा घोटाळा केला तेवढा कुठल्या आजाराने केला नसेल. एकदा कल्याणहून एक गृहस्थ आले, हातात ॲल्युमिनियमची किटली. बाळ नाही, बाई नाही, नुसती किटली. काउंटरवर ठेवून म्हणाले, "सँपल."

"कशाचं?"

"दुधाचं. म्हशीचं आहे. पाणी घालतो असा संशय आहे. स्कॅन करता ना तुम्ही?"

मी त्यांना बसवलं, सगळं समजावलं. माणूस जरा हिरमुसला. जाताना दारातून वळून म्हणाला, "असू दे, फुकट नाही गेलं. तबेलेवाल्याला सांगून आलोय, ठाण्याला रिपोर्ट काढायला चाललोय म्हणून. आजचं दूध काय घट्ट घातलंय त्याने!"

तर हे दूध पाजणं दिसतं तेवढं सोपं नाही. बाळ भुकेलं यायला हवं. आणलेलं दूध सगळं प्यायला हवं. आणि प्यायल्यावर गप पडून राहायला हवं. ह्या तिन्ही गोष्टी एका बाळाकडून एकाच सकाळी मिळवणं म्हणजे काय, ते ज्यांनी मूल वाढवलंय त्यांनाच कळेल. त्यात औषधाचं दूध कुठे सांडलं तर कॅमेऱ्याला तेही दिसतं. आपल्या आयांना सवय असते, बाटली तोंडाला लावायच्या आधी एक थेंब मनगटावर टाकून बघायची. एका आईने माझी नजर चुकवून टाकलाच थेंब, आणि मग तोच हात बाळाच्या डोक्याशी ठेवून बसली. पडद्यावर पोट लखलखतंय आणि कानाशी दुसरा ठिपका लखलखतोय. मॅडम चष्मा पुसून म्हणाल्या, "मावशी, ह्याच्या कानात दूध कसं गेलं हो?" तेव्हापासून मी बाटली आईच्या हातात देणंच बंद केलं. "तुम्ही धीर द्या, मी दूध देते," असं सांगायचे.

आता शीळफाट्याच्या बाळाकडे येते. बाळाचं नाव विराज, आठव्या महिन्यातलं, वजन पाचव्यातल्याचं. बाप सचिन, फाट्यावर ट्रकच्या टायरचं दुकान. आई रेश्मा, अंगाने काडी, डोळे मोठे. आणि सचिनची आई, म्हणजे विराजची आजी, सांगलीकडच्या. नऊवारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि आवाज असा की मधला दरवाजा बंद असला तरी आतल्या केतनला आजी आल्याचं कळावं. माझ्याहून त्या वर्ष-दोन वर्षांनी लहानच असतील, पण त्या मला मावशी म्हणायच्या आणि मी त्यांना आजी. ह्या धंद्यात सगळ्यांचं वय बाळावरून ठरतं.

पहिल्या दिवशी आल्या आल्या मी नेहमीचा प्रश्न विचारला, "बाळाने शेवटचं काय घेतलंय?"

आजी म्हणाल्या, "काय बी न्हाई. उपास हाय त्याला."

"छान. म्हणजे सकाळपासून काहीच नाही ना?"

"उपास म्हटल्यावर काय देणार? नुसती साबुदाण्याची खीर. आन् बटाटा उकडून, कुस्करून. मीठ बी सैंधव घातलंय."

मी बघतच राहिले. फोनवर केतनने त्यांना सांगितलं होतं, "बाळाला उपाशी आणा." आम्ही बौद्ध. आमच्या घरी एकादशी नाही, चतुर्थी नाही. त्यामुळे उपाशी आणि उपास ह्या दोन शब्दांच्या मधे एवढं मोठं फराळाचं ताट वाढलेलं असतं, हे मला तोवर कधी सुचलंच नव्हतं.

"आजी, उपाशी म्हणजे पोट रिकामं. पाणीसुद्धा नाही."

"म्हंजी निरंकार? आठ म्हैन्याच्या लेकराला? आवं, मी जल्मात निरंकार उपास धरला न्हाई, आन् त्याला धरायला लावू?"

केतन आतून म्हणाला, "मावशी, आज कॅन्सल. पुढची तारीख द्या." सचिन वैतागला, दुकान बंद करून आला होता बिचारा. "आई, तुला सांगत होतो मी," म्हणाला. "तू काय सांगत होतास? तू तर दोन चमचे खीर स्वतः खाल्लीस!" ह्यावर त्याने हळूच तोंड पुसलं. तेव्हापासून मी फोनवर प्रत्येकाला स्वतः सांगायचे, "पोट रिकामं. दूध नाही, पाणी नाही, बिस्कीट नाही, आणि साबुदाणाही नाही." पलीकडचे हसायचे. हसू दे.

त्या दिवशी ती दोघं मायलेकरं बाहेर भांडत उभी असताना रेश्मा बाळाला पाजायला पडद्यामागे बसली. मी पाणी द्यायला गेले तर रडत होती. आवाज न करता, बाळाच्या डोक्यावर थेंब पडू नये म्हणून मान वळवून.

"काय झालं गं?"

"मावशी, पुढच्या आठवड्यात आई त्याला गावी नेणारेत. एकट्याला. माझं दूध त्याला बाधतं म्हणतात. गावी शेळी आहे, तिचं देणार. हे म्हणाले, आधी स्कॅन तर होऊ दे. म्हणून थांबलेत."

"अगं पण हा स्कॅन दुधाचा नाही. बाळाच्या पोटाचा."

"मला माहितीये हो. डॉक्टरांनी सांगितलंय. पण घरी सगळ्यांना वाटतं माझं दूध तपासायला चाललेत. शेजारच्या चहावाल्यानेसुद्धा विचारलं, 'वहिनी, रिझल्ट कधी?'" तिने नाक पुसलं. "मशीन काय बोलेल ते बोलेल मावशी. पण आई काय ऐकतील, त्यावर माझं मूल माझ्याजवळ राहणार की नाही ते आहे."

मी तिच्या हातात पाण्याचा ग्लास दिला. मशीन काय बोलेल हे मला तरी कुठे माहीत होतं. त्या खोलीत सगळ्यांना गोड बातमी मिळते असं नाही. काही बाळांचं दूध छातीत उतरलेलं मी पडद्यावर पाहिलंय. कुणाला लहान वयात ऑपरेशन करून ती नाडी आवळून घ्यावी लागली. आणि वाईट ह्याचं वाटतं, की आमच्याकडून गेलेलं बाळ मोठं झालेलं आम्हाला कधी दिसत नाही. मी पाठीवर तळहात फिरवून ढेकर काढलेली पोरं आता नौपाड्यात मला सायकलने धक्का देऊन जात असतील, आणि मी "अरे ए, बघून चालव!" म्हणत असेन.

त्याच आठवड्यात दुसऱ्या खेपेला सगळी वेळेवर आली. बाळ खरोखरच उपाशी होतं, आणि ते त्याने सगळ्या इमारतीला कळवलं. रेश्माने अंगावरचं दूध काढून दिलं, कारण बाळाला जे रोज मिळतं तेच द्यायचं असतं. आजी त्या बाटलीकडे असं बघत होत्या, जशी परीक्षेच्या हॉलबाहेर पेपर नेणाऱ्या शिपायाकडे माणसं बघतात.

"हेच तपासायचं नव्हं?" त्यांनी मला विचारलं.

"नाही आजी. दूध नाही तपासत. दुधाची वाट तपासतो. रस्ता."

"हां हां. रस्ता," आजी म्हणाल्या. मग जरा थांबून, "पर रस्त्यावर गाडी घातली की गाडी बी कळतीच की. आमचा जल्म फाट्यावर गेला, मावशी."

 त्यात अजून एक नियम होता. किरणांच्या खोलीत यायच्या आधी प्रत्येक बाईला विचारायचं, दिवस गेलेत का. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. वगळायचं कुणाला आणि कशावरून, म्हणून मॅडमनी सरसकट नियमच केलेला. रेश्माला विचारलं, ती नाही म्हणाली. मग आजींकडे वळले. "आजी, तुम्हाला दिवस नाही ना गेलेले?"

आजींनी आधी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. "ह्यास्नी जाऊन धा वर्सं झाली," त्या हळूच म्हणाल्या. आणि मग नेहमीच्या आवाजात, "आन् मावशी, तुमचं डोस्कं ठिकाणावर हाय का?"

केतन तोंडावर हात ठेवून काचेमागे पळाला.

बाळ गटागटा दूध प्यायलं. वरून दोन घोट साधं दूध दिलं, म्हणजे अन्ननळीत चिकटलेलं धुऊन जातं. ढेकर काढला, चांगला दणदणीत. दुपट्यात गुंडाळलं, मशीनच्या अरुंद टेबलावर निजवलं. तोपर्यंत सगळं झकास. बाहेर गल्लीत रिक्षा पों पों करत होत्या, बाळ डोळे मिचकावत होतं.

आणि केतनने दार लावलं.

त्या खोलीचं दार जाड. लागलं की बाहेरचा आवाज बंद. एसीची बारीक घरघर आणि मंद दिवा. दुसरी बाळं ह्यातच पेंगतात. विराजने मात्र डोळे मोठे केले, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि जी किंकाळी फोडली, ती साधी नव्हती. घरात चोर शिरल्यासारखी होती.

मी खुळखुळा वाजवला. गाणं म्हटलं. केतनने मोबाईलवर कार्टून लावलं. रेश्माने पापे घेतले. बाळ दुपट्यात उलटसुलट, चेहरा टोमॅटो.

"मावशी, हलतोय. सगळं फिसकटतंय," काचेमागून केतन माईकवर म्हणाला. "अजून रडला तर ओकेल, आणि ओकला तर आजचं औषध गेलं."

आणि आजचं औषध गेलं तर तिसरी तारीख पुढच्या आठवड्यानंतरची. तोवर आजी थांबणार नव्हत्या. म्हणजे गाव. रेश्माने माझ्याकडे बघितलं.  

तेवढ्यात सचिनने दार उघडून मान आत घातली. "मावशी, एक सांगू? तो शांततेत झोपत नाही."

"म्हणजे?"

"आमची खोली दुकानाच्या मागेच आहे. दिवसभर ट्रक. मागे एकदा ट्रॅफिक अडवलेलं, रोडवर एक गाडी नाही, तर हा रात्रभर जागा. ट्रक रिव्हर्स घेताना मी ओरडतो ना, त्यावर झोपतो हा."

"मग ओरडा की!"

"इथे?" त्याने त्या पांढऱ्या मशीनकडे बघितलं. माणूस लाजला. तेवढ्यात बाळाने पुढची किंकाळी फोडली, तसा आत आला, टेबलाजवळचं प्लास्टिकचं स्टूल ओढलं, त्यावर थाप मारली आणि फाट्यावरच्या आवाजात सुरू झाला, "येऊ दे… येऊ दे… येऊ दे… डावी मार, डावी मार… येऊ दे…"

विराज गप्प. तोंड उघडं ते उघडंच, पण आवाज बंद. मग पापण्या जड. मग मूठ सैल.

"एकदम स्थिर! चालू ठेवा, साहेब!" केतन म्हणाला. मला वाटतं सचिनला आयुष्यात पहिल्यांदाच कोणी साहेब म्हटलं असेल, त्याने छाती फुगवून अजून जोरात "येऊ दे" केलं.

आणि आजी खेकसल्या, "गप! येऊ दे काय म्हणतुयास?"

"मग काय म्हणू?"

"आधीच लेकरू दूध वर काढतंय, आन् तू वर येऊ दे, येऊ दे म्हणून बोलावतुयास व्हय त्याला? जाऊ दे म्हण!"

"आई, ट्रक मागे घेताना कोण जाऊ दे म्हणतं? गाडी गटारात जाईल!"

"हितं गाडी हाय का? दूध हाय! दुधाला कुठं जायचंय? खाली! मग जाऊ दे म्हण!"

बाळाची एक पापणी उघडली. मी म्हणाले, "दादा, आई सांगतात ते म्हणा. लवकर."

"जाऊ दे… जाऊ दे…" सचिनने स्टूलवर थाप मारली. चाल तीच. बाळाला चालीशी मतलब होता, अर्थाशी नव्हता. पापणी मिटली. आजी विजयी चेहऱ्याने माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बघा, उतरतंय का न्हाई खाली?"

सचिन थापा मारता मारता माझ्या कानाशी वाकला. "फक्त कोणी ते म्हणू नका. गाडी जागेवर उभी राहिली की शेवटी म्हणतो ते. ते ऐकलं की हा उठतो. इंजिन बंद होतं ना तेव्हा, सवय झालीये त्याला."

"काय म्हणायचं नाही?"

त्याने बोटाने हवेत अक्षरं काढली. ब. स.

एवढंच ना, मला वाटलं. पण दिवसभरात आपण हा शब्द किती वेळा बोलतो ते त्या तासाभरात मला कळलं. आम्ही सगळे खुणांनी बोलू लागलो. केतनने काचेमागून पाणी दाखवलं, मी हाताने पुरे म्हणाले. एसी कमी केला, अंगठा दाखवला. सचिनचा घसा बसत आला, तेव्हा रेश्माने थाप उचलली. "जाऊ दे… जाऊ दे…" तिचा आवाज बारीक, बाळाने कपाळाला आठी घातली. मग आजींनी तिच्या आवाजात आपला आवाज मिसळला, तशी आठी गेली. "जाऊ दे रं राजा… जाऊ दे…" सासू एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला, मधे बाळ. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर म्हणालं असतं, आत घरच्या भांडणाची समजूत काढणं चाललंय.

आणि नेमक्या त्याच वेळी मॅडम आल्या. दार हळूच लोटून, चपला न वाजवता, कारण बाळ झोपलंय हे त्यांना दिसत होतं. रेश्मा मघापासून उभी होती. मॅडमचा स्वभाव मायाळू. त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, दमलीस. बस ना."

टक्क! बाळाचे दोन्ही डोळे उघडे.

खोलीतली सगळी माणसं एकदम मॅडमकडे वळली. "काय झालं?" मॅडम घाबरल्या. बाळाचा ओठ थरथरला. छाती फुगली. आणि सचिनने बसलेल्या घशातून, कसा काय कोण जाणे, शेवटचा आवाज काढला, "जाऊ दे, जाऊ दे, मागे भरपूर जागा आहे, जाऊ दे!"

बाळाने थोडा विचार केला. आणि झोपलं.

मॅडम पुढचा सगळा वेळ तोंडावर रुमाल धरून उभ्या होत्या.

मी पडद्याकडे बघत होते. इतकी वर्षं बघून बघून मला साधारण अंदाज यायचा, पण अंदाज आपल्याजवळ ठेवायचा, सांगायचं मॅडमनी. पोटाचा गोळा उजळलेला. त्यातून एक बारीक रेघ वर चढली, मानेपर्यंत. रेश्माने श्वास धरला. रेघ खाली आली. परत चढली. परत उतरली. मग पोटाचा गोळा हळूहळू फिका होत चालला आणि आतड्यांकडे उजेड सरकला. सगळ्यात शेवटी छातीचा फोटो काढायचा राहिला, तो बऱ्याच वेळाने काढतात. तेवढा वेळ सगळी बाहेर बाकावर बसली. सचिनने गरम पाणी मागून घेतलं.  रेश्माच्या मांडीवर बाळ जागं, आनंदी, बाहेरच्या रिक्षा ऐकत.

मॅडमनी बोलावलं तेव्हा सगळी आत गेली, आणि मीही. बाळ धरायला म्हणून. खरं म्हणजे मला राहवत नव्हतं.

"रिपोर्ट तुमच्या डॉक्टरांना दाखवा, औषधाचं ते ठरवतील," मॅडम म्हणाल्या. "मला दिसतंय ते सांगते. दूध वर येतंय, पण छातीत गेलेलं दिसत नाही. पोट वेळेवर रिकामं होतंय. मला तरी ह्यात घाबरण्यासारखं काही दिसत नाही. आता मला सांगा, ओकल्यावर काय करता?"

"मी भरवते," आजी म्हणाल्या. "रिकामं झालं की भराया नको व्हय?"

"लगेच?"

"लगेच न्हाई. तोंड पुसलं की. मऊ भात, पेज, न्हाईतर हिला म्हणते, पाज परत. पुन्ना वकलं, तर पुन्ना भरवते. किती बी वेळ लागू दे, मी कटाळत न्हाई."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आजी, तुमच्या मुलाच्या दुकानासमोर काठोकाठ भरलेला टँकर खड्ड्यातून गेला तर काय होईल?"

"सांडंल."

"मग?"

आजी आपल्या हाताच्या बोटांकडे बघत राहिल्या, ज्या बोटांनी त्या भात कुस्करायच्या. मला वाटलं, आता ह्या रडतात की काय. बाई वाईट नव्हती हो. लेकरू वाळत चाललेलं बघून जेवढं येत होतं तेवढं सगळं करत होती, आणि नेमकं तेच जास्त होत होतं.

"थोडं थोडं द्यायचं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "पाजल्यावर उभं धरायचं. ओकलं तर जरा थांबायचं, त्याला भूक लागू द्यायची. आणि आईचं दूध चालू ठेवायचं. आई जवळ हवी."

"म्हंजी," आजींनी मान वर केली, "दुधाचा दोष न्हाई?"

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

"दुधाचा काही दोष नाही, आजी."

"आन् गावाकडं..."

"गावाकडे सगळी मिळून जा. सणाला."

आजींनी पदर सावरला, उठल्या, आणि माझ्या हातातून बाळ घेऊन सुनेच्या हातात दिलं. "घे. भुकेजलंय. त्या पडद्यामागं बस. आन् अर्धंच पाज. मग उभा धर त्याला." आणि स्वतः पडद्याला पाठ लावून पहाऱ्याला उभ्या राहिल्या.

बाहेर बाकावर एक कळव्याची बाई आपलं बाळ घेऊन नंबरची वाट बघत होती. चेहरा उतरलेला. तिने घाबरत घाबरत विचारलं, "आजी, झाला का तुमचा? काय निघालं?"

"काय बी न्हाई निघालं," आजी अख्ख्या सेंटरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "माझ्या सुनेचं दूध एक नंबर हाय. तासभर मशिनीखाली घालून बघितलं डॉक्टरनी, येवढी बी खोट न्हाई निघाली."

मी तोंड उघडलं. इतकी वर्षं हेच समजावत आले होते, की बाई, हा स्कॅन दुधाचा नाही. पडदा जरासा हलला. फटीतून रेश्माचा डोळा दिसला, आणि तिने मान हलवून मला नको म्हटलं. मी तोंड मिटलं आणि त्या कळव्याच्या बाईचं दुपटं सारखं करायला लागले.

"मग ओकतो कशाने?" ती बाई.

आजींनी कोपऱ्यात गरम पाण्याचा कप घेऊन बसलेल्या सचिनकडे हनुवटी केली. "बापावर गेलाय. ह्यो बी लय वकायचा."

सचिन उठून उभा राहिला, दोन्ही हात वर केले, काहीतरी बोलायला गेला. घशातून नुसती हवा आली. आणि पडद्यामागून रेश्मा अशी हसली, की बाळाने दूध पिणं सोडून तिच्या तोंडाकडे बघितलं असणार.